भोक न पाडलेले बोल्ट

७ मार्च
तिसरं ड्रिल मोडलं! बोल्टाचं डोकं म्हणजे नुसतं पोलाद, भोक पडता पडत नाही. नियम मात्र सरळ — शर्यतीच्या मोटारसायकलच्या ब्रेकचे दोन्ही बोल्ट भोक पाडून तारेने एकमेकांना बांधायचे. एक सैल व्हायला लागला की दुसरा त्याला ओढून धरतो. परवा धाकट्या भावाची शर्यत. दर तासाला डोकावतो, "ताई, झालं?"

८ मार्च
झालं म्हणून सांगितलं. भोकं पाडलीच नाहीत. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून लावतात तो गोंद लावला आणि दिसायला तार डोक्यांभोवती नुसती गुंडाळली. गोंद काय वाईट? रोजच्या गाड्यांना तोच लावते, एकही परत आली नाही.

शर्यतीच्या गाड्यांचे तपासनीस म्हणजे माझे उस्ताद. त्यांच्याच हाताखाली पाना धरायला शिकले. गाडीपाशी आले, वाकलेसुद्धा नाहीत. "तुझ्या कामात काय बघायचं?" म्हणाले आणि सही ठोकली. मला चक्क हसू आलं.

९ मार्च
पडला. चौथ्या फेरीला, उतारावरच्या वळणावर. ब्रेक निखळला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलंय.

११ मार्च
बोल्टांना तेल होतं. पुसायचं राहिलं. तेलावर गोंद धरत नाही, हे मीच शिकाऊ पोरांना घसा कोरडा करून सांगते! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

आई म्हणते, "तुझं काम चोख, म्हणून जिवावरचं पायावर निभावलं." मी ताट सारून उठले.

१४ मार्च
दवाखान्यात सांगायलाच गेले होते. "ऐक, त्या बोल्टांचं—" एवढंच बोलले. तो म्हणाला, "ताई, पाणी दे." दिलं. मग उशी सारखी कर. मग खिडकी लाव. मी भित्रीच. निघून आले.

२७ मार्च
चौकशी होईपर्यंत शर्यतीच्या समितीने उस्तादांना घरी बसवलंय. फोनवर म्हणाले, "वाकून बघायला हवं होतं गं. म्हातारा झालो." त्यांना खरं सांगायला चार शब्द पुरले असते, तेही निघाले नाहीत! उद्या समितीपुढे सगळं ओकणार. परवाना जाईल, गॅरेज जाईल. जाऊ दे.

२८ मार्च
माझ्या आधी धाकट्याला समितीपुढे नेलं, चाकांच्या खुर्चीवर. म्हणाला, "ताईने तार नीट बांधली होती. शर्यतीच्या सकाळी बोल्ट मीच बदलले, कुणाला न विचारता."

खोटं! त्याला सगळं माहीत होतं, म्हणूनच दवाखान्यात मला बोलू दिलं नाही.

उस्ताद सुटले. त्याला जन्मभर बंदी. अध्यक्ष माझ्याकडे वळले, "तुम्हाला काही सांगायचंय?"

मी नाही म्हणाले.