कारखान्याच्या खालचा नमुना

सर,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्यावर रागवायची वेळ मी स्वतःवर येऊ दिली नव्हती, ती या महिन्यात आली. पांढरकवड्याजवळच्या त्या नाल्यावर परत गेले होते, या वेळी माझे विद्यार्थी घेऊन. तिथल्या सरकीच्या तेलाच्या कारखान्याला आता वाढायचं आहे, आणि नाल्याच्या खालच्या अंगाला जे गाव आहे, तिथल्या ग्रामपंचायतीने आमच्या कॉलेजला पत्र दिलं की नाल्याची तब्येत एकदा तपासून द्या. पत्र वाचून अंगावर मूठभर मांस चढलं. म्हटलं, हे तर आपल्या सरांनी शिकवलेलं काम.

तुम्ही वर्गात सांगायचात, "पाण्याले नका विचारू. पाणी आज साफ दिसते, उद्या घाण. दगडाखाली जे जगून राह्यलं, त्याले विचारा." हिवाळ्यातली ती सकाळ मला अजून दिसते. तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून धारेत उभे आहात, पायाने तळ ढवळताय, आणि मी खालच्या बाजूला जाळी धरून थरथरते आहे. एक दगड मी पाहून झाल्यावर तसाच पालथा टाकला तर तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात, "काय व पोरी, कोनाचं घर उलटं करून चालली? जसा होता तसा ठेव." कान तापले होते माझे. त्याच सकाळी, कारखान्याच्या वरच्या अंगाला, माझ्या ट्रेमध्ये रेतीचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी करणारी अळी निघाली. ती फक्त स्वच्छ, खेळत्या पाण्यात जगते. तुम्ही खिशातलं भिंग काढून माझ्या हातात दिलंत आणि परत मागितलंच नाही. बक्षीस म्हणून दुसरं काही मला कधी एवढं आवडलं नाही.

मग आपण खाली गेलो, कारखान्याची नाली जिथे मिळते त्याच्या पुढे. तिथे दगडांवर बुळबुळीत पांढरट थर, खवट वास, आणि ट्रेमध्ये नुसत्या लाल अळ्या, घाणीत जगणाऱ्या. नमुन्याच्या बाटलीत टाकायच्या चिठ्ठ्या आपण पेन्सिलने लिहायचो, स्पिरिटमध्ये शाई उतरते म्हणून. मी लिहायला बसले तर तुम्ही म्हणालात, "तारीख टाक. जागेचं राहू दे, ते मी टाकतो." सरांनी एवढं जातीने लक्ष घातलं याचाच मला अभिमान वाटला.

परवा ग्रामपंचायतीत एका आजींनी प्लास्टिकच्या पिशवीतून तुमच्या त्या वेळच्या पाहणीच्या अहवालाची झेरॉक्स काढून माझ्यापुढे ठेवली. 'कारखान्याच्या खाली' या मथळ्याच्या तक्त्यात माझी रेतीच्या घरातली अळी बसलेली होती. लाल अळ्यांचा पत्ताच नाही. शेरा, नाला निरोगी. त्याखाली तुमची ती वळणदार सही. आजी म्हणाल्या, "तुमच्या सरानं चांगला हाय म्हनून लिहून देल्लं, मंग आमचं कोनी आयकलंच नाही. कुठंबी गेलो का हाच कागद दाखवत. आमी रेतीत झिरे खोदून हेच पानी पेलो, मॅडम. काहून लिहिलं असन त्याईनं असं?" मी मान खाली घालून कागद वाचत असल्याचं सोंग केलं.

काहून, ते मला माहीत आहे सर. पुढच्याच वर्षी आपल्या प्रयोगशाळेत कारखान्याकडून नवीकोरी सूक्ष्मदर्शकं आली. मी त्यांच्यावरच शिकले, त्या शिकण्यावर ही नोकरी आहे. तुम्ही ते स्वतःसाठी केलं नसेल, आमच्यासाठीच केलं असेल, आणि याचाच मला जास्त संताप येतो. आमच्या नावाने तुम्ही एका गावाचा गळा कापलात. दगड पालथा पडला म्हणून ओरडणाऱ्या माणसाने हे करावं? तुम्ही मला फसवलंत. इतकी वर्षं मी विद्यार्थ्यांना तुमची वाक्यं सांगत आले.

नवा अहवाल काल ग्रामपंचायतीला दिला. त्यात लिहिलं आहे की जुन्या अहवालातला खालचा नमुना मुळात कारखान्याच्या वरचा होता. तुमचं नाव आहे, नमुना गोळा करणारी म्हणून माझंही आहे. यवतमाळला तुमच्या घरी काकूंच्या कानावर हे जाईल. त्यांच्यासमोर जायची माझी हिंमत नाही, म्हणून हे पत्र त्यांनाही दाखवणार नाही. ते माझ्याजवळच राहील.

एक मात्र आजींना सांगितलं नाही आणि अहवालातही लिहिलं नाही. तो तक्ता मी परवा पहिल्यांदा पाहिला नाही. अहवाल छापून आला त्या दिवशी तुम्ही मला खोलीत बोलावून आभाराच्या पानावर माझं नाव दाखवलं होतं. मी पुढचं पान उलटलं, तक्ता वाचला, सगळा वाचला. तुम्ही माझ्याकडे पाहत होतात. मी अहवाल मिटला आणि विचारलं, "सर, पेढे आणू का?"