वैशालीचा गॉगल

कळंब, मंगळवार, दिवेलागण

भाची वैशाली चारच्या एसटीनं पुण्याला गेली. गॉगल टेबलावरच राहिला. विसरली, की मुद्दाम ठेवला?

दुपारी शेजारणींसोबत तूर निवडत होते. वैशाली हौसेनं आपलं संशोधन सांगू लागली, "आत्या, कृष्णविवर जोडीच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतं. तो तापला की क्ष-किरण निघतात. ते कोणत्या दिशेनं थरथरतात, त्यावरून तिथं वायू कसा पसरलाय ते कळतं. फोटोत ते दिसत नाही. हा गॉगल एकाच दिशेनं थरथरणारा उजेड आत सोडतो; मोबाईलसमोर फिरवून बघा, म्हणजे समजंल."

मला काही उमगलं न्हाय. पण गल्लीत मी हुशार! झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून बोलून गेले, "एवढं शिकून गॉगल फिरवायलाच शिकलीस व्हय गं?" बायका खो खो हसल्या. पोरगी उठून आत गेली. नीट जेवलीसुद्धा न्हाय.

आत्ता तोच गॉगल मोबाईलसमोर धरून फिरवला. पडदा काळा झाला. आणखी फिरवला, उजळला. उजेडाच्या थरथरीलाही दिशा असते तर! एवढंच सांगत होतं लेकरू.

शाळा न बघितलेली मी, जे शिकले ते लोकांना "पुन्हा सांगा" म्हणत म्हणतच शिकले. तेवढेच दोन शब्द आज तिच्यापाशी म्हणायची लाज वाटली.