धावपट्टीवरचं धान

धावपट्टीची चौकी, मूलपासून पाच कोस आत जंगलात,
ता. १० डिसेंबर १९८५

आदरणीय इंदुताईस धाकट्या श्रावणचा मानाचा जयभीम.

इकडे आई, मी आणि दोन्ही बकऱ्या खुशाल आहोत. (तिसरी वाघाने नेली. वाघ खुशाल आहे.) तुझी तब्येत कशी आहे? तुझ्या नागपूरच्या दवाखान्यातले रोगी बरे होऊन नर्सबाईंना रजा मिळायची काही चिन्हं आहेत का, तेही कळव.

रविवारी तुला घ्यायला विमान का आलं नाही, म्हणून तू रागावली असशील. सांगतो, पण आधी विमानाचा सीझन समजून घे. पावसाळ्यात या पट्टीवर फक्त म्हशी उतरतात. दिवाळी सरली की वाघ बघायला साहेब लोक येतात, आणि डिसेंबरात तर एका विमानासाठी चार साहेब भांडतात. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे ठेकेदार. मध्येच निवडणूक लागली तर विचारूच नकोस. मागल्या साली एका दिवसात तीन विमानं आली, तिन्हींतल्या पुढाऱ्यांनी मला ‘आपला माणूस’ म्हटलं, आणि एकालाही माझं नाव ठाऊक नव्हतं.

आता गंमत अशी, की ऐन सीझनमध्येच विमान अर्धा वेळ रिकामं उडतं. साहेबांना सोडून रिकामं नागपूरला जातं, चार दिवसांनी न्यायला रिकामंच येतं. कॅप्टन गुणवंतरावांनी (विमान चालवतात, पण माझ्या सायकलवर मागे बसायला घाबरतात) हे सांगितलं, तेव्हा मला रात्रभर झोप नाही. आठ खुर्च्या, आणि त्यांवर कोणीच नाही! आणि तुला मिळून मिळून दोन दिवस रजा, त्यातला एक एस.टी.त यायला आणि दुसरा जायला. म्हणून तीन वर्षं तुझं तोंड दिसलं नाही. मी कॅप्टनना हात जोडले. ते म्हणाले, रविवारी सकाळी साहेबांना न्यायला येतो, तुमच्या ताईंना घेऊन येतो. परतताना तुला एस.टी.च, पण सबंध एक दिवस तरी आईच्या वाट्याला आला असता.

पण आपल्या लोकांचाही याच वेळी सीझन असतो. मळणी झाली की धान वाळवायला एवढं लांबरुंद डांबरी अंगण पंचक्रोशीत दुसरं नाही. विमानाच्या आदल्या संध्याकाळी मी शिटी मारायची, लोकांनी धान उचलायचं, हे बरीच वर्षं बिनबोभाट चाललं होतं. नेमकं रविवारसाठी दुसऱ्या साहेबांनी ते विमान ओढून घेतलं, म्हणून ते निरोपाशिवाय शनिवारी दुपारीच डोक्यावर आलं. मी जेवत होतो. शिटी मारली ती तोंडातल्या भातासकट.

ठमाबाई पोतं घेऊन पळाली, बापूराव पोतं टाकून पळाले, आणि आई पट्टीच्या मधोमध धान गोळा करत बसून राहिली. म्हणाली, “त्याले म्हणा जरासा थांब, एवढं भरून राह्यली मी!” विमानाने दोन घिरट्या घातल्या. तेवढ्यात तिने वर पाहिलं आणि ओरडली, “पाह्य रे श्रावण, खिडकीत निळं लुगडं! माही इंदूच हाय थे!” मग धान सोडून ती दोन्ही हातांनी सूप हलवत पट्टीभर धावली. ताई, सत्तरीची बाई एवढी धावताना मी पाहिली नव्हती. तिसऱ्या घिरटीनंतर विमान नागपूरकडे वळलं. आवाज विरला तरी ती सूप धरून तिथेच उभी होती. ज्यांना न्यायला ते आलं होतं ते साहेब शेवटी जीपने गेले, जाताना मला बरंच काही बोलले, त्याचं मला काही वाटलं नाही. आईकडे बघवत नव्हतं. आणि खरं सांगू, मलाही तुझी फार आठवण येते.

आईचा आशीर्वाद आहेच.

तुझा श्रावण

ता.क. मधोमधचं धान मीच पसरलं होतं. रविवारी तुला नव्या तांदळाचा भात घालायचा होता, आणि धान कडक वाळल्याशिवाय कांडता येत नाही. शिटी माझ्याच हातात, तेव्हा म्हटलं आपलं सगळ्यांत शेवटी उचलू.

दुसरा ता.क. तुझी रजा रविवारपासून होती, शनिवारी तू पांढऱ्या साडीत दवाखान्यात असशील, हे मला कळतं. कॅप्टनना मी मुद्दामच विचारलेलं नाही. पण आई गावभर सांगत फिरते आहे, इंदू विमानातून येऊन मला पाहून गेली. तुझं पत्र ती माझ्याकडून ऐकते आणि खात्री म्हणून मास्तरांकडूनही वाचून घेते. म्हणून तुझ्याच हाताने लिही, की निळं लुगडं तूच नेसली होतीस, आणि तुला वरून सूप दिसलं.