दुसरा मोर

सर, तुमचा तो साधा दगड आता काढणार आहेत. आपल्या गावच्या सराफ्यातल्या हवेलीच्या झरोक्याखालचा, उजवीकडचा. त्याच्या जागी बसवायचा मोर काल मी इथे अहमदाबादेत, दगड कोरायच्या कारखान्यात, मशीनवर कापला.

हवेलीवाले शेठ रोज खाली येऊन मागे लागायचे, साहब, एकच मोर राहिलाय, जोड़ी बना दो ना. तुम्ही हसून टाळायचात. मी तेव्हा तुमच्याकडे भिंतींची मापं घेणारा स्कॅनर वाहायचो, आठवीतून शाळा सुटलेला, कुठेच न टिकणारा. स्कॅनरची तिपाई धरून उभा होतो तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "हा मोर गेला, बाबा. कसा होता कुणालाच माहीत नाही. मान वळवून असेल, नसेल. उगाच आरसा धरून दुसरा काढायचा नाही. गेलेलं गेलेलं दिसू दे." मग जयेंद्रगंजच्या ऑफिसात तुम्ही स्क्रीनवर कमानीची रेष न रेष बसवताय, आणि ती एक जागा रिकामी ठेवताय, तिथे नुसता साधा दगड. मला वाटायचं, एवढं महागाचं यंत्र आणलं, आणि सर भोक जपतायत.

तुमच्यानंतर त्या कमानीची ती फाईल कुणाकुणाकडे फिरली देव जाणे. माझ्यासमोर उघडली तेव्हा डावा मोर लगेच ओळखला, चोचीचं टोक उडालेला. कुणीतरी त्यालाच उलटा करून उजवीकडे ठेवलाय, तुटक्या चोचीसकट. मी कारखान्याच्या मालकांना म्हटलं, हा असा होता कशावरून, कुणालाच माहीत नाही, आमचे सर सांगायचे. ते म्हणाले, "चोंच रहने दे, पुराना लगता है. और तेरे सर को भेज, चाय पिलाएँगे." तुम्ही गेलात हे मी त्यांना सांगितलं नाही.

नोकरी सोडून निघावं वाटलं. सोडण्यात मी पटाईत, तुम्हाला माहीतच आहे. पण मी उठलो तर शेजारचा बटण दाबणार, मोर तोच निघणार. दिवसभर मशीनचं पाणी उडत राहिलं, दगडातून तो खोटा मोर वर येत राहिला, मी बघत राहिलो. तुमचा दगड आता मलब्यात जाईल. लोक म्हणतील, दोन्ही जुने आहेत, चोची बघा ना. तुमचं म्हणणं एकट्या माझ्यापाशी उरलंय, आणि माझं ऐकतो कोण.

हे पाठवू तरी कुठे. तुम्ही रागवायला नाही म्हणून एक सांगतो. मोर पुसून उभा केला तेव्हा मला तो छान वाटला, सर. तुमच्या त्या दगडाकडे बघताना मलाही दरवेळी तिथे मोरच हवा होता.