चिमीच्या चित्रपटावर संवाद

रविवार, ४ फेब्रुवारी
आज उपासनेनंतर पाळकसाहेबांनी जाहीर केलं: यापुढे चित्रपटांविरुद्ध निदर्शनं बंद. चित्रपट बघायचे आणि चर्चच्या हॉलमध्ये बसून त्यावर बोलायचं. संवाद! पुढाकार अर्थातच माझा. आजवरचे सगळे निषेधाचे फलक माझ्याच अक्षरात होते, म्हणजे या विषयातला माझा अनुभव दांडगा.

पहिला चित्रपट आमच्या चिमीचा. पोरगी पटकथा लिहिते. तिच्या मागच्या चित्रपटाच्या वेळी थिएटरबाहेर फलक धरून मीच सगळ्यात पुढे होतो. तेव्हापासून ती घरी आलेली नाही. कामाचा ताण असणार. निदान या निमित्ताने येईल. फार आठवण येते तिची. हे हिला सांगायचं नाही.

बुधवार, ७
चिमी माझा फोन उचलत नाही. तिच्याकडे रेंजचा प्रॉब्लेम आहे. हिचा मात्र पहिल्या रिंगला उचलला. रेंजचं काही सांगता येत नाही.

चिमी यायला तयार! अट एकच: बाबांनी आधी चित्रपट पूर्ण बघायचा. म्हणजे काय, बघणारच.

शुक्रवार, ९
चित्रपट पाहिला. माझी पद्धत: अंगठा रिमोटवर. बाटली, बिछाना किंवा शिवी आली की फॉरवर्ड. दोन तासांचं काम पाऊण तासात. मुद्दे भरपूर निघाले.

ही म्हणाली, ते बारमधलं तरी पळवू नका. मी म्हटलं, विष कडू आहे हे कळायला प्यावं लागत नाही. ही गप्प बसली. पटलं असावं.

सोमवार, १२
ऐकण्याची प्रॅक्टिस. हिला समोर बसवून म्हटलं, बोल, कशावरही बोल. ही गुडघ्याचं सांगू लागली. पहिल्याच वाक्याला मी दुरुस्ती केली: तुझा डावा दुखतो, उजवा नाही. ही म्हणाली, उजवा दुखायला लागून वर्ष झालं.

एकंदरीत प्रगती ठीक.

शनिवार, १७, संध्याकाळ
संवाद झाला.

खुर्च्या गोल मांडल्या होत्या. चिमी आली. वाळलीय. चष्मा लागलाय. जवळ जाऊन डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, पण अध्यक्षाला ते शोभलं नसतं. प्रमुख पाहुण्यांचं स्वागत असो, एवढंच म्हणालो.

प्रास्ताविक थोडक्यात आटोपलं. चहा दोनदा गरम करावा लागला. मग माझा हुकमी मुद्दा: चित्रपटात आई आहे, घर आहे, परगावी एकटी पडलेली मुलगी आहे. बाप कुठाय? बापाशिवाय घर असतं का?

चिमीने हळूच विचारलं, बाबा, बारचा सीन बघितलात? मी छाती काढून म्हणालो, असलं मी बघत नाही. ती म्हणाली, बाप तिथे आहे. तेवढ्याच सीनमध्ये आहे.

ऑर्गन वाजवणारे मास्तर जमिनीकडे बघू लागले. पाळकसाहेबांनी घाईघाईने समारोपाची प्रार्थना घेतली. डोळे उघडले तेव्हा चिमीची खुर्ची रिकामी होती.

रविवार, १८
उपासनेला गेलो नाही. डोकं दुखत होतं. तो सीन लावला.

मुलगी बारमध्ये एकटी बसलीय. बाप तिला शोधत येतो. अंगात उपासनेचा कोट, बटणं गळ्यापर्यंत. असल्या जागी आयुष्यात पहिल्यांदा पाऊल. सोडा मागवतो. तिच्यासमोर बसून म्हणतो, बोल बाळा, मी ऐकतोय. ती बोलत राहते, रडते, पुन्हा बोलते. बाप शेवटपर्यंत मध्ये एक शब्द टाकत नाही.

असा बाप तिला कुठे भेटला, कोण जाणे. मला रडू आवरेना.

हिच्या मोबाइलवरून फोन लावला. चिमीने लगेच उचलला. म्हणाली, हं आई, बोल. मला म्हणायचं होतं, तूच बोल बाळा, मी ऐकतोय. तोंडातून निघालं, कोटाचा रंग चुकलाय, माझा तपकिरी आहे.

ती म्हणाली, बरं बाबा. आणि ठेवला.

मी पुन्हा लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. ही दारात उभी होती. म्हणाली, आता ती माझाही उचलणार नाही.