पिंपभर करंजेल

बदलापूर गाव,
ता. ९ मे १९९४

चि. बाळ यास,

अनेक आशीर्वाद. सौ. मालिनीचे गुडघे बरे असोत आणि तुझा रक्तदाब तुझ्या स्वभावाहून शांत असो. मी ठणठणीत आहे (दातांबद्दल बोलत नाही).

तुझ्या ताईच्या वर्षश्राद्धाला विहिरीवरचं डिझेल इंजिन करंजाच्या तेलावर चालवायचं, हा माझा पण तुला ठाऊक आहेच. कुंपणालगत करंजाच्या बिया कुजताना पाहून सुनंदा दरवर्षी म्हणायची, एवढी केमिस्ट्री शिकलात, याचं काहीतरी करा. मी म्हणायचो, निवृत्त झाल्यावर. निवृत्त झालो आणि तीच गेली.

म्हणून गेल्या वर्षी चार-पाच पोती बिया वेचून अंबरनाथच्या घाण्यावर तेल काढलं. ते वर्षभर पडून राहिलं (मला हात लावावासा वाटेना). आता उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या सिंधी व्यापाऱ्याकडून मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा आणला. कॉस्टिक हा कॅटॅलिस्ट, म्हणजे तेल आणि मिथेनॉलची गाठ घालून देणारा. मग ग्लिसरीन तळाशी बसतं आणि इंधन वर येतं. मात्र जुनं तेल आम्ल झालेलं असतं, ते आधी तपासावं लागतं. कारखान्यात तपासणीचा कागद कुणीतरी पुढे ठेवायचं आणि मी ऐटीत सही ठोकायचो. घरी कुणी कागद आणला नाही, म्हणून मी तपासलंच नाही. कॉस्टिकने मिथेनॉलऐवजी त्या आम्लाशीच गाठ बांधली आणि पिंपभर तेलाचा पिंपभर साबण झाला!

धुणंभांडी करणारी पुतळी पिंपात डोकावली. "बाबा, ह्यो त साबन झाला!" म्हणत खदखदून हसली. मग "बाय असती त लय हसली असती," म्हणाली. मी बादली शोधायच्या निमित्ताने मोरीत गेलो आणि रडलो. माझा प्रत्येक प्रयोग फसला की तुझी ताई पोट धरून हसायची रे. श्राद्धाला इंजिन डिझेलवरच चालवलं.

तरी काळजी नसावी. पुन्हा करीन, तपासून करीन. इथे मला एकट्याला काही कमी नाही.

तुझा भावजी,
विष्णुपंत

ता. क. : साबणाच्या दोन वड्या मालिनीसाठी पाठवतोय. कपडे स्वच्छ निघतात, वास मात्र निघत नाही.

आणखी ता. क. : पुन्हा करीन असं उगाच लिहिलं. बाळ, तू रविवारी ये. तुझं हसणं हुबेहूब ताईसारखं आहे. पिंप अंगणातच ठेवलंय. ते बघ आणि मोठ्याने हस. मी आत स्वयंपाकघरात बसून ऐकेन.