बिनसुईची लस येईपर्यंत

२ मे २०२१
ठरलं. लस घेणार, पण नव्या तंत्राची. दंडावर नुसता दाब द्यायचा, सुई न्हाई, लसीतला डीएनए आपोआप आत. असली लस येऊन राहिली, मोबाईलवर सगळं वाचलंय. तोवर थांबणार. सुईची भीती वगैरे काही न्हाई, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो. बीएस्सीसुद्धा मी सरांशी भांडून सोडली, अक्कल कमी पडली म्हणून न्हाई.

४ मे
शाळेत लसीकरण सुरू. नवी सिस्टर आलीय, नीलांबरी. मास्कच्या वर फक्त डोळे दिसले. तेवढे बास झाले. माझं ज्ञान तिच्या कानावर गेलंच पाहिजे.

५ मे
पारावर व्याख्यान. एमआरएनए म्हणजे शरीरातल्या आचाऱ्याला दिलेली चिठ्ठी, हे सगळ्यांना पटलं. मग शाळेतल्या लसीवर आलो. तिच्यात चिंपांझीचा विषाणू असतो, निरुपद्रवी केलेला. दगडोबाकाका म्हणाले, म्हंजी माकडाचा व्हय रे सोम्या? व्हय म्हणलो. विज्ञानात लपवाछपवी न्हाई. काकांनी शेपटाचं विचारलं. लोक हसले, पण विचार करत घरी गेले.

८ मे
शाळेत तिघंच आले. बाकीचे म्हणतात, सोमेश्वर म्हणतो ती बिनसुईची येऊ द्या. गाव सुधारलं! दुपारी नीलांबरी स्वतः पारावर आली. माझ्यासाठी! म्हणाली, बाटली उघडली की चार तासांत दहा माणसं लागतात, उरलेली लस फेकावी लागते. असंच चाललं तर शिबिर वसमतला हलवतील, मलाबी. आन् हे माकडाचं काढलं कुणी? मी म्हणलो, मीच. ती लई वेळ माझ्याकडं बघत राहिली. रागात आणखी छान दिसते.

९ मे
वसमतला? जाऊच देणार न्हाई! पुन्हा पारावर उभा राहिलो. तो विषाणू म्हणजे नुसती गाडी, माल पोचवते, बाकी काही करत न्हाई. काका म्हणाले, परवा माकड होतं, आज गाडी झाली काहून? आधी तू टोचून घे.

११ मे, सकाळ
मीबी घेतो अशी शपथ खाऊन, आईसकट नऊ माणसं जमवली. दहावा मी. तत्त्वाला आजच्यापुरती सुट्टी.

११ मे, संध्याकाळ
पडलो. उन्हानं. सुई अजून वीतभर लांब होती, म्हणजे सुईचा संबंधच न्हाई. मी खरंच घेतो का, हे खिडकीतून बघत असलेले दगडोबाकाका तांब्या घेऊन आत धावले. नीलांबरीनं त्यांनाच खुर्चीत बसवलं. काका नको नको म्हणेपर्यंत टोचूनबी झालं. बाटली संपली, शिबिर गावातच राहिलं. मी पडलो नसतो तर काका आत आलेच नसते. पडल्यापडल्या तिला तसं सांगितलं. ती हसली. पहिल्यांदाच! मग आईला म्हणाली, मावशी, पुढच्या मंगळवारी ह्याला घेऊन या, मांडीवर घट्ट धरून बसा, लेकरांना आमी तसंच देतो.
आई लगेच व्हय म्हणाली.